डर्ट बाईकला बाहेरचा साइड स्टँड: माप, बसवणी आणि फिनिशिंग (कोल्हापूर)

रानवाट_०९
मंडळी, गाडी कावासाकी केएक्स २५०. मोटोक्रॉसची असल्यामुळे कंपनीकडून स्टँड येत नाही. पासिंग नसल्याने छोटा हत्तीतून जोतिबाच्या पायथ्याच्या रानात नेतो. तिथे दरवेळी झाड किंवा बांध शोधून गाडी टेकवायची म्हणजे हँडल आणि रेडिएटरवर घाव ठरलेलाच. म्हणून बाहेरचा स्टँड मागवला आहे. किटमध्ये ६ मिमी पत्र्याचा लोखंडी ब्रॅकेट (रंग नसलेला), ॲल्युमिनियमचा पाय, पिव्हट बोल्ट (पाय ज्यावर फिरतो तो), बुश (त्या बोल्टवरची नळी) आणि एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा आहेत. पाय मुद्दाम लांब दिला आहे, आपल्या गाडीप्रमाणे कापून घ्यायचा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाय नेमका किती कापायचा? एक फॅब्रिकेटर म्हणतो, ब्रॅकेट बोल्टवर टिकणार नाही, सरळ फ्रेमला वेल्डिंग मारू. ते बरोबर आहे का? आणि शेवटी रंग, पावडर कोटिंग की झिंक? इथल्या पावसाळ्यात लाल चिखल बसतो, हे धरून सांगा.

लेथ_उद्यमनगर
वेल्डिंगचा विषय आधी संपवूया. तुमच्या गाडीची फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. लोखंडी ब्रॅकेट तिला वेल्ड होतच नाही. उद्या कोणी ॲल्युमिनियमचा कान करून टिग वेल्ड मारतो म्हणाला, तरी नको म्हणा. फ्रेमला उष्णता प्रक्रियेने ताकद दिलेली असते. वेल्डच्या शेजारचा पट्टा मऊ पडतो आणि मऊ व कडक भाग जिथे भेटतात तिथून केसासारखी भेग सुरू होते. स्टँड तुटला तर स्टँड जाईल, फ्रेमला भेग गेली तर गाडी जाईल.

या किटचा ब्रॅकेट डाव्या फूटपेगच्या (पाय ठेवायच्या खुंटीच्या) ब्रॅकेटखाली बसतो. मूळ बोल्ट काढायचे आणि त्या जागी ब्रॅकेटच्या जाडीइतके, म्हणजे मूळच्यापेक्षा ६ मिमी जास्त लांब बोल्ट घालायचे. मूळच्याच बोल्टवर ६ मिमीचा पत्रा चढवला तर तेवढे आटे कमी पकडतात. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आटे पकडले पाहिजेत, एम १० असेल तर १५ ते २० मिमी. भोक बंद असेल तर खोलीही मोजा. बोल्ट तळाला टेकला की पाना घट्ट झाल्यासारखा लागतो, पण ब्रॅकेट दाबलेला नसतो. मग पहिल्याच उडीनंतर तो हलायला लागतो.

बोल्ट १०.९ ग्रेडचे घ्या, निदान ८.८. चकचकीत स्टेनलेसच्या मोहात पडू नका. बाजारातला ए२-७० स्टेनलेस सुमारे ४५० मेगापास्कलला ताणून लांबतो, ८.८ वाला ६४० ला, १०.९ वाला ९०० च्या पुढे. त्यात स्टेनलेसचे आटे चावून बसतात ते वेगळंच. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमध्ये फूटपेग ब्रॅकेटसाठी दिलेलाच ठेवा. निळा लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) लावण्याआधी आटे थिनरने स्वच्छ पुसा, तेलावर तो धरत नाही. लावल्यावर एक दिवस गाडी हलवू नका.

पन्हाळी_वाट
मापाचं मी सांगतो. घाई इथेच होते आणि कापलेला पाय परत लांब होत नाही.

पायाला हात लावण्याआधी सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे वजनाने ते किती खाली बसतं, तो सेट करा. तुमच्या गाडीचं ट्रॅव्हल (सस्पेन्शनची वरखाली हालचाल) ३०० मिमीच्या घरात आहे. मागची स्प्रिंग दोन फेरे आवळली तरी गाडीची उभी उंची बदलते आणि स्टँडवरचा कल बदलतो. आज माप घेतलं आणि पुढच्या आठवड्यात सॅग बदलला, तर सगळं माप वाया. टायरमधली हवा नेहमीची ठेवा, टाकी अर्धी. गाडीवर कोणी बसायचं नाही, कारण स्टँडवर गाडी एकटीच उभी राहणार आहे.

गाडी पातळी लावून बघितलेल्या काँक्रीटवर घ्या. ब्रॅकेट बसवा, पिव्हट बोल्ट घाला. पायाच्या जागी २५ × ५ च्या दोन पट्ट्या एकमेकांवर सरकवून सी-क्लँपने धरा, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. एकाने गाडी डावीकडे कलती धरायची, दुसऱ्याने मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उघडून मोबाइल मागच्या डिस्कवर सपाट टेकवायचा. पुढच्या डिस्कवर नको, हँडल वळलं की ती फिरते. हँडल पूर्ण डावीकडे वळवून मोजा, गाडी उभी करताना ते तसंच असतं. कल १० ते ११ अंश आला की क्लँप आवळा आणि पिव्हटच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची लांबी घ्या. त्यात ५ मिमी वाढवून कापा आणि मग कानसीने दोन-दोन मिमी खाली या.

त्याआधी एक काम: स्टॉप. पाय पूर्ण पुढे आल्यावर ज्या खाचेवर टेकतो ती खाच आधी नक्की करायची, लांबी नंतर. स्टॉप थोडा जरी घासला तरी पाय पुढे सरकतो आणि तेवढीच गाडी खाली बसते. उलट क्रमाने केलं तर कल बघता बघता १४-१५ अंशांवर जातो.

रानवाट_०९
१० अंशच का? जास्त कललेली गाडी तर उजवीकडे पडायची भीती कमी, मग १५ ठेवला तर काय बिघडलं?

मापात_राहा
आकडे मांडून बघूया. गाडी सुमारे १०८ किलो. वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण ६०० मिमी वर धरा आणि स्टँडचा तळवा चाकांच्या रेषेपासून ३०० मिमी बाहेर. १० अंश कलली की वजनाचा मध्य सुमारे १०४ मिमी बाहेर जातो. १०४ भागिले ३००, म्हणजे गाडीचं एक तृतीयांश वजन, ३६-३७ किलो स्टँडवर. १५ अंश केलं की मध्य १५५ मिमी बाहेर जातो आणि स्टँडवर ५५ किलोच्या वर भार येतो. पाच अंशांनी भार दीडपट झाला. ५ अंशांवर तो १८-१९ किलोच राहतो, पण मग उजवीकडचा जरासा उतार किंवा पठारावरचा वारा गाडी उलटवायला पुरतो.

आता स्टॉपकडे बघा, सगळ्यांचं लक्ष पायाच्या जाडीकडे असतं म्हणून मुद्दाम सांगतो. तळवा पिव्हटच्या १२० मिमी पुढे टेकतो असं धरा. ३६ किलो गुणिले १२० मिमी म्हणजे जवळपास ४२ न्यूटन-मीटरचा पीळ, आणि तो सगळा त्या खाचेने अडवायचा आहे. खाच पिव्हटपासून २० मिमीवर असेल तर तिच्यावर २१५ किलोचा दाब येतो. ३० मिमीवर असेल तर १४०. गाडी टेकवताना धक्का बसतो तो याच्या तिप्पट धरून चाला. म्हणून स्वस्तातल्या स्टँडमध्ये पाय वाकत नाही, स्टॉप चेपतो. महिन्याभरात पाय पुढे गेलेला दिसतो आणि लोक म्हणतात स्प्रिंग ढिली पडली.

स्टॉपच्या दोन्ही तोंडांवर मार्कर फासा, पाय चार-पाच वेळा उघडमीट करा. शाई पूर्ण रुंदीवर पुसली गेली पाहिजे. एकाच कोपऱ्यात पुसली तर तेवढ्या कोपऱ्यावरच सगळा भार आहे. बारीक कानस घेऊन तोंड जुळवा, ग्राइंडर लावू नका.

लेथ_उद्यमनगर
मापात_राहा, स्टॉपचं एकदम बरोबर. पिव्हटबद्दल भर घालतो.

पिव्हट बोल्ट खांद्याचा पाहिजे, म्हणजे मधला भाग गुळगुळीत आणि आट्यांपेक्षा जाड. बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळल्यावर तो खांद्यावर बसतो आणि पाय बोटाने फिरतो. पाय जाम झाला की लोक नट अर्धा फेरा ढिला ठेवतात. ते चुकीचं आहे, तो नट वाटेतच गळून पडणार. खांदा पायाच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी लांब काढून घ्या. बुश गनमेटलचा करायचा झाला तर बोल्टशी ०.१ मिमीच्या आसपास मोकळीक पुरे. जास्त ठेवली तर तळव्यापाशी तोच खेळ दहा पटीने दिसतो. उद्यमनगरात हे टर्निंगचं काम किरकोळ आहे, फक्त बुश दाबून बसवायचा असल्याने त्याच्या भोकाचं शेवटचं माप बसवल्यानंतर रीमरने घ्या. दाबताना बुश आत आकसतो.

स्प्रिंगचा_मामला
दोन स्प्रिंगा आल्या आहेत तर दोन्ही घाला, एक काढून हलकं करू नका. एक तुटली तरी दुसरी पाय वर धरते, यासाठीच दोन असतात. उडी मारताना पाय खाली आला तर पुढचं सांगायला नको.

स्प्रिंग बरोबर लागली का हे ताणावरून कळत नाही. दोन हुकांना जोडणारी रेषा बघा. पाय उघडा असताना ती पिव्हटच्या एका बाजूने जाते, बंद असताना दुसऱ्या बाजूने. दोन्ही टोकांना ती पिव्हटच्या मध्यापासून निदान ८-१० मिमी दूर पाहिजे. एका टोकाला २-३ मिमीच दूर असेल तर त्या स्थितीत स्प्रिंग कितीही कडक घाला, पायाला धरणारा जोरच तयार होत नाही, कारण जोराचा हात आखूड आहे. अशा वेळी कडक स्प्रिंग घालण्याऐवजी हुकाची खुंटी सरकवायची.

स्प्रिंग सर्वांत जास्त ताणली जाते ती मधल्या स्थितीत. तिथे हुक सरळ होत असेल तर स्प्रिंग आखूड आहे. बदली करून घेताना साध्या तारेची वळून घेऊ नका, आयएस ४४५४ ची स्प्रिंग तार सांगा. बसवताना पक्कडीने ओढू नका, तारेवर पडलेल्या ओरखड्यातूनच ती तुटते. जाड दोरीचा फास हुकात घालून ओढा आणि चष्मा घाला.

पन्हाळी_वाट
आता वर उचललेल्या पायाचं. तुमचा पाय लांब आहे, बंद झाल्यावर तो स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) समांतर मागे जातो आणि त्याच बाजूला चेन आहे. गाडी उभी असताना जागा भरपूर दिसते, पण सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर काय होतं ते बघायला हवं. गाडी बॉक्स स्टँडवर (गाडीखाली ठेवायच्या घोडीवर) घ्या, शॉकच्या लिंकेजचा बोल्ट काढा आणि मागचं चाक हाताने वर, अगदी शेवटपर्यंत उचला. चेन, चेन गाइड, स्विंगआर्म यांपासून १० मिमी तरी अंतर राहिलं पाहिजे. बूट घालून गिअर टाकून बघा, टाच स्टँड पायाने उघडायच्या बोटात अडकते का. अडकत असेल तर ते बोट कापा, हाताने उघडता येतंच.

उसाच्या रानातून जाणार असाल तर ट्यूबच्या रबराचा एक पट्टा करा आणि बंद पाय फ्रेमच्या मागच्या पाईपला धरून ठेवा. पाचटीत किंवा घाणेरीच्या झुडपात तळवा अडकून पाय उघडतो. पट्टा स्विंगआर्मला बांधू नका, स्विंगआर्म वरखाली होतो, पाय होत नाही.

करवीर_एक्सपल्स
मध्येच विचारतो, विषय जवळचाच आहे. एक्सपल्स २०० ला रॅलीसारखं लांब सस्पेन्शन घातलंय, स्टँड मात्र मूळचाच. गाडी इतकी झोपते की सामान लावून उभी करायची भीती वाटते. नवा स्टँड घेऊ की याचीच लांबी वाढवू?

लेथ_उद्यमनगर
भावा, हिरोच्या रॅली किटमध्ये लांब स्टँड येतो तो याचसाठी. सुटा मिळाला तर तोच घाल, स्टँड उघडा आहे हे ओळखणाऱ्या स्विचचा कॅमही जुळतो. मिळत नसेल तर लांबी वाढवता येते, गाडीची फ्रेम लोखंडी आणि स्टँडही लोखंडी.

गाडी ५० मिमी उचलली असेल तर पाय तिरका असल्यामुळे वाढ ५५ च्या आसपास लागते. तरी वर पन्हाळी_वाट यांनी सांगितलेली पट्ट्यांची रीत करूनच ठरव. स्टँड गाडीवरून काढूनच काम कर. स्प्रिंगच्या खुंटीच्या खाली, सरळ भागात काप. आत घट्ट बसणारा भरीव रॉड घाल, दोन्ही बाजूंना ४० मिमी आत गेला पाहिजे. दोन्ही पाईपांना एकेक ८ मिमी भोक मारून तिथून रॉडला प्लग वेल्ड, आणि जोडाच्या कडांना ४५ अंशांचा उतार देऊन गोल वेल्ड. आधी मूळचं झिंक किंवा रंग ३० मिमीपर्यंत घासून काढ. झिंकवर वेल्डिंग मारलं तर धूर विषारी आणि वेल्डला भोकं. वेल्ड झाल्यावर ग्राइंडरने घासून सपाट करू नकोस, ताकद त्याच मांसात आहे.

स्विचच्या वायरी थेट जोडून स्विच बाद करू नकोस. स्टँड उघडा ठेवून गाडी गिअरमध्ये निघाली तर डाव्या वळणावर तो जमिनीला लागतो.

मापात_राहा
पूर्ण नवा पाय करणाऱ्यांसाठी पाईपचं गणित. २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा पाईप, ३ मिमी जाडी. तळवा पिव्हटपासून एकूण १५० मिमी आडवा धरला तर डर्ट बाईकच्या ३६ किलोला ५३ न्यूटन-मीटर, तिप्पट धक्का धरून १५९. त्याला ३ मिमी जाडीत ताण १५५ मेगापास्कलच्या आसपास येतो, २ मिमी जाडीत २०५ च्या वर. साधं लोखंड २५० ला वाकतं, म्हणजे गाडी एकटी असेल तर दोन्ही टिकतात. पण ७५ किलोचा माणूस वर बसून हलला की ३ मिमीचा पाईप २६० वर जातो आणि २ मिमीचा ३५० वर. म्हणून स्टँडवरच्या गाडीवर बसायचं नाही आणि स्टँडवर ठेवून किक मारायची नाही. बाजारातले डर्ट बाईकचे स्टँड नुसत्या गाडीच्या वजनासाठीच केलेले असतात.

रानवाट_०९
तळव्याबद्दल कोणी बोललं नाही. किटमधला तळवा अगदी छोटा आहे, ३० × ४० चा. लाल चिखलात रुततो. मोठा प्लेट लावू?

पन्हाळी_वाट
लावा. ३६ किलो १२ चौरस सेंटिमीटरवर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो. ६० × ८० चा तळवा केला की तोच दाब पाऊण किलोवर येतो. ४ मिमी पत्रा पुरे, कोपरे चांगले गोल करा, नाहीतर बुटाला आणि झुडपाला तेच लागतात. ६० × ८० च्या पुढे जाऊ नका, बंद केल्यावर चेनकडे सरकतो. नदीकाठच्या काळ्या मातीत भर पावसात हाही रुततो, तिथे खाली लाकडाची फळी टाकण्याला पर्याय नाही.

तळवा पायाला वेल्ड करू नका, तुमचा पाय ॲल्युमिनियमचा आहे. दोन एम ६ बोल्टने लावा, घासला की बदलता येईल. त्याचा कोन गाडी कललेली असताना जमिनीवर ठेवूनच ठरवा. टेबलावर काटकोनात लावलेला तळवा रानात एका कडेवर उभा राहतो.

गाडी लावताना तोंड चढाकडे करा आणि पहिला गिअर टाका. गाडी पुढे सरकली तर पाय मागे दुमडतो, मागे सरकली तर तो स्टॉपवर दाबला जातो. उताराकडे तोंड करून ठेवलेली गाडी आडवी होते ती यामुळेच.

भट्टी_१८०
आता फिनिशिंग. पहिली अट: सगळं बसवून, दोनतीनदा चालवून, पुन्हा काढून मग रंग. रंगानंतर कानस लावावी लागली तर रंगाचे पैसे गेले.

ब्रॅकेटला पावडर कोटिंग चालेल, पण सगळीकडे नको. जिथे तो फूटपेगच्या ब्रॅकेटला आणि फ्रेमला दाबून बसतो ती तोंडं, पिव्हटचं भोक, स्टॉप आणि आटे झाकून द्या. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉन असतो. भोकात दोन्ही बाजूंनी बसला की व्यास ०.१२ ते ०.१६ मिमी कमी होतो, म्हणजे लेथवाल्यांनी ठेवलेली मोकळीक संपली. दाबाच्या तोंडावरचा थर हळूहळू चेपतो आणि बोल्टचा ताण जातो. कोटिंगनंतर बोल्ट ढिले होण्याचं मोठं कारण हेच. उघड्या ठेवलेल्या तोंडांवर बसवताना झिंकयुक्त प्रायमरचा पातळ हात द्या. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पावसाचं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम पांढरं होऊन खातं. मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा पत्रा मात्र नको, तोही चेपतो.

भट्टीत धातूचं तापमान १८० ते २०० अंश जातं, म्हणून ग्रीस, नायलॉनचा बुश आणि नायलॉक नट काढून द्या. पाय ॲनोडाइज केलेला असेल तर त्याला काहीच करू नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एक तुकडा घेऊन गेलात तर त्यांचा काळा रंग चालू असेल त्या लॉटमध्ये घाला म्हणून सांगा, एकट्या तुकड्यासाठी भट्टी लावणं त्यांना परवडत नाही. भोकं झाकायला उष्णता सहन करणारी टेप आणि सिलिकॉनची बुचं स्वतः लावूनच द्या.

करवीर_एक्सपल्स
झिंक स्वस्त पडतं, स्प्रिंगा आणि बोल्टसकट सगळंच झिंकला टाकलं तर?

भट्टी_१८०
ब्रॅकेट टाका, स्प्रिंगा आणि १०.९ चे बोल्ट टाकू नका. प्लेटिंगआधी माल ॲसिडमध्ये बुडवतात. कडक पोलादात त्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बाहेरून काही दिसत नाही, काही दिवसांनी ताणाखाली कडकन तुटतं. प्लेटिंग झाल्यावर लगेच १९०-२०० अंशांना काही तास भाजलं तर हायड्रोजन निघतो, पण किरकोळ कामात ते भाजणं कोणी करतं असं गृहीत धरू नका. कोटिंग केलेले १०.९ बोल्ट तयार मिळतात तेच घ्या. स्प्रिंगेला वॉटरप्रूफ ग्रीसचा हात पुरतो, पावसाळ्यात दर धुण्यानंतर.

तळव्याच्या खालच्या बाजूला कोणताही रंग टिकणार नाही, तिथे खर्च करू नका.

रानवाट_०९
क्रम असा धरतो: सॅग, ब्रॅकेट, स्टॉप, पट्ट्यांनी माप, कापणी, तळवा, चाक उचलून तपासणी, चालवून बघणं, मग रंग. शर्यतीला जायचं झालं तर?

लेथ_उद्यमनगर
क्रम बरोबर. शर्यतीला जाताना ब्रॅकेटसकट काढा. आणि मूळचे आखूड बोल्ट परत घाला, ते डबीत लेबल लावून ठेवा. ६ मिमी जास्त लांबीचे बोल्ट ब्रॅकेटशिवाय घातले तर तळाला टेकतील किंवा पलीकडे बाहेर येतील. वाहतुकीत गाडी पट्ट्यांनी बांधताना स्टँड बंदच ठेवा, उघडा असताना पट्टा आवळला की सगळा दाब पिव्हटवर जातो.

परत बसवताना लॉकटाइट नवा लावा. पहिल्या राइडनंतर बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर एक रेघ पेंटने मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर नुसतं आवळू नका, काढून तोंडं बघा.

रानवाट_०९
रविवारी पट्ट्या लावून माप घेतो. कल किती आला आणि सस्पेन्शन पूर्ण दाबल्यावर चेनपासून अंतर किती राहिलं, ते फोटोसकट इथेच टाकतो.

पन्हाळी_वाट
फोटो गाडीच्या मागच्या बाजूने काढा, डिस्कवरचा मोबाइल आणि जमिनीवरची पातळी एकाच फोटोत आली पाहिजे. जमीनच अर्धा अंश कलती असेल तर तेवढा फरक लगेच धरता येईल.